चिंचेपाशी पंचावन्न

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक हाये. त्या दिवशी तो अर्पितावर निघाला.

घनसावंगीकडं पाइपलाइनीसाठी लेव्हल घेऊन राह्यलो होतो. पाणी मोटारीशिवाय, नुसत्या उतारानं जायचं, म्हणून जमीन कुठं उंच, कुठं खोल, ते बराबर मोजायचं. सांडूमामा आकड्यांची उंच पट्टी धरायचे, मी दुर्बिणीतून आकडा वाचून ओरडायचो अन् अर्पिता वहीत लिहायची. पोरीची पहिलीच नोकरी, अजून पक्की न्हाई झालेली. चार किलोमीटर जाऊन मोजत मोजत परत पुलाच्या दगडावर आलो, निघालो तिथंच. फरक शून्याच्या आसपास यायला पायजे. आला चाळीस सेंटिमीटर!

मंग काय, माझं तोंड सुटलं. म्हणलं, ध्यान कुठंय तुझं, अशानं पाणी पुढं जायचं सोडून उलटं येईन. बोलता बोलता मी अजूनच तापलो. ही पोरगी नको, दुसरं माणूस द्या, असं सांगायला थेट कंपनीच्या साहेबाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. इकडं अर्पिता डोळे पुसत पहिल्यापासून वही वाचायला लागली.

"चिंचेपाशी, एक पंच्याण्णव."

"चिंचेपाशी?" सांडूमामा म्हणले. "न्हाई बाई. बोटांखाली आकडा झाकला म्हणून या दुर्बिणीवाल्या साहेबानं मला तिथं हात काढायला लावल्ता. हात माझ्या हनुवटीपाशी होता."

मी पट्टी त्यांच्या शेजारी उभी केली. हनुवटीपाशी एक मीटर पंचावन्न, म्हणजे बराबर चाळीस सेंटिमीटर कमी. पंच्याण्णव तर पार टोपीच्या वर. डोक्याच्या वर हात नेऊन दिवसभर पट्टी कोण धरतं? मी गपचूप फोन कट केला. बरं झालं, तिकडून उचलला न्हाई.

"सर, मी विचारलं होतं, पंच्याण्णव ना," अर्पिता हळू म्हणाली. "तुम्ही 'हूं' म्हणालात."

म्हणलो असंन. तोंडात तंबाखूचा बार होता. असल्या तोंडातून पंचावन्न काय अन् पंच्याण्णव काय, सगळं सारखंच बाहेर पडतं. पहिल्यांदा जाऊन चूळ भरली.

चिंचेचा टप्पा परत घेतला. या टायमाला आकडा सुटा सांगितला, एक, पाच, पाच असा, अन् तिनं तो परत म्हणून दाखवला. पुलावर हिशोब लावला तर फरक फक्त चार मिलिमीटर. जीव भांड्यात पडला बघा. सांडूमामा हसून राह्यले होते, अर्पिताबी हसली. मला मात्र तिच्याकडं बघवंना.

तेवढ्यात साहेबाचा उलटा फोन आला. काय काम होतं म्हणून विचारायला लागले. ती पोरगी जागची हलंना.

"काही न्हाई साहेब," मी म्हणलो. "चूक माझी होती, सापडली. अन् अर्पिताला पक्की करून टाका, हे सांगायला फोन केल्ता."