यंदा नामदिनी घरी नाही

मिनासने डोंगरातल्या हॉटेलच्या खोलीत पलंगाशेजारचा दिवा उचलला, उलटा केला, बुडाशी चिकटवलेली चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि तो परत जागेवर ठेवला.

"तीन वॅट," तो म्हणाला. "मरियमेच्या तसबिरीपुढची पणती याहून बरी."

त्याची बायको पोलिक्सेनी आंघोळीच्या खोलीत होती. पण त्या खोलीची भिंत काचेची असल्यामुळे ती तिथे असूनही इथेच होती. हात धुवायला तिथे एक दगडी डोण बसवली होती. मिनासच्या आजोबांची मेंढरं तसल्याच डोणीत पाणी प्यायची. फरक इतकाच, की मेंढरांना नळ कुठे आहे ते शोधावं लागत नसे.

खालच्या शहराच्या वीज कचेरीत मिनास लाप्पास एकतीस वर्षं साहेब होता. ग्रीसमध्ये अकरा नोव्हेंबर हा संत मिनासचा दिवस, म्हणून मिनास नावाच्या तमाम माणसांचा नामदिन. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, आणि लोक मिठाईचा डबा घेऊन आपसूक येतात. साहेबाच्या घरी इतके यायचे, की शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्या लागत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी तेवीस आले. पुढच्या वर्षी नऊ. गेल्या वर्षी चार. त्यातला एक मेहुणा, आणि एक माणूस मजला चुकून आलेला, जो भिडेखातर दोन बाकलावे खाऊन गेला.

यंदा मिनासने गावच्या वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या : श्री. मिनास लाप्पास यंदा नामदिनी घरी नसतील, कृपया नोंद घ्यावी. आपण घरी नसलो की कुणी आलं नाही असं होत नाही. पोलिक्सेनीने ते वाचलं आणि बॅग भरली. जायचंच तर लोकांना सांगण्याजोगं काही हवं, म्हणून एपिरसच्या डोंगरातलं सगळ्यात महागडं हॉटेल ठरलं.

मालकीण दानाई अथेन्सहून आलेली तरुण मुलगी होती आणि कुजबुजत बोलायची. इथली शांतता भाड्यातच धरलेली आहे, असं तिने आल्या आल्या सांगितलं. दुपारच्या जेवणाला परातीएवढ्या ताटलीत पाच घेवडे आले. हे घेवडे या मातीची गोष्ट सांगतात, असं ती म्हणाली.

"थोडक्यात सांगतायत," पोलिक्सेनी म्हणाली.

खोलीत फोनला रेंज नव्हती. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात हात उंच धरला तर एखादी रेघ उमटायची. जेवणानंतर मिनास दर दहा मिनिटांनी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहू लागला.

"हवा पाहतोय," तो म्हणाला.

"काय म्हणतेय?"

"कुणाचा फोन नाही."

पोलिक्सेनीने मासिकाचं पान उलटलं. मासिक इंग्रजीत होतं आणि तिने ते उलटं धरलं होतं.

चारच्या सुमारास खाली अंगणात एक गाडी थांबली. मिनास कोपऱ्यातच होता. गाडीतून एक जाडजूड बाई उतरली. हातात रिबीन बांधलेला मिठाईचा डबा. मागोमाग तिचा नवरा, काखेत बाटली. गाडी बंद होते न होते तोच मागे दुसरी आली, आणि तिच्यातूनही आधी डबाच बाहेर पडला.

मिनास खिडकीपासून मागे सरला. कपाटातून टाय काढला आणि काचेच्या भिंतीत पाहून बांधायला लागला. पहिल्यांदा गाठ चुकली.

"वर्तमानपत्रात स्पष्ट छापलं होतं," तो म्हणाला. "पण लोक ऐकतात कुठे? इथवर शोधत आले."

"आपण इथे आहोत हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

पोलिक्सेनीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि टाय बांधताना तो शीळ घालत होता. ती शीळ तिने त्याच्या निवृत्तीनंतर ऐकली नव्हती. तिने तोंड मिटलं आणि पायांत बूट सरकवले.

मिनास खाली जाऊन दारात उभा राहिला, कचेरीतल्यासारखा, एक हात पाठीमागे. जाड बाई धापा टाकत पायऱ्या चढून आली.

"मिनास कुठाय?" तिने विचारलं.

"मीच मिनास."

बाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चेहरा उजळून तिने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"असं होय! मग तुम्हीही खूप वर्षं जगा!" म्हणत तिने डबा त्याच्या हातात कोंबला आणि ती आत गेली. तिचा नवरा, मागचे चौघे आणि त्यांच्या मागचे तिघे, सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि सगळे आत गेले. बैठकीच्या खोलीत मात्र कुणीच थांबलं नाही. ते सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले, आणि तिथून जो आरडाओरडा उठला त्याने भाड्यात धरलेली शांतता संपली.

मिनास डबा घेऊन मागोमाग गेला. स्वयंपाकघरात एप्रन बांधलेला एक लालबुंद माणूस नऊ जणांच्या मिठीत गुदमरत होता. सकाळपासून ताटल्यांवर पाच-पाच घेवडे मांडणारा आचारी.

"खूप वर्षं जग, मिनास," म्हणत प्रत्येक जण त्याच्या पाठीत धपाटा घालत होता.

लाप्पास साहेब दारातच थबकला. त्याने डब्याकडे पाहिलं, मग टाय जरा सैल केला. पोलिक्सेनी मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"अरे, हे पण मिनासच आहेत," जाड बाई ओरडली. "उभे काय राहिलात? खुर्ची द्या कुणीतरी."

दानाई धावत आली. पाहुण्यांना स्वयंपाकघरात यायची परवानगी नाही, असं ती कुजबुजली.

"पाहुणा कसला," आचारी म्हणाला. "मिनास आहे तो. आणि तू बस. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

ती बसली. भट्टीतून बोकडाच्या मटणाची मोठी थाळी निघाली, खाली चरबीत मुरलेले बटाटे. आचाऱ्याने हे स्वतःच्या माणसांसाठी केलं होतं, त्यामुळे ते कसली गोष्ट वगैरे सांगत नव्हतं. मिनासने पहिली ताटली संपवली. दुसऱ्या ताटलीला त्याने बाह्या दुमडल्या. कुणीतरी दोन्ही मिनासांसाठी पेला उंचावला, आणि पोलिक्सेनी जाड बाईला भिडेखातर बाकलावे खाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगून रडेपर्यंत हसवत होती. नवऱ्यादेखत ती गोष्ट तिने पहिल्यांदाच सांगितली. तोही हसला.

शेजारी बसलेला म्हातारा त्याचा पेला भरत म्हणाला, "खालच्या शहरातून आलात ना? मग तिथल्या वीज कचेरीतला तो साहेब ठाऊक असेल तुम्हाला. एका खांबासाठी अकरा महिने खेटे घालायला लावले मला. दर वेळी अर्ज नव्याने लिही म्हणायचा."

टेबलाच्या त्या टोकाला पोलिक्सेनीचा काटा हवेतच थांबला.

"ठाऊक आहे," मिनास म्हणाला. "भयंकर माणूस."

"भयंकरच. नाव काय बरं त्याचं? ओठांवर आहे अगदी..." म्हाताऱ्याने कपाळ चोळलं.

"जाऊ द्या हो, बाबा," मिनास म्हणाला आणि त्याने ताटली पुढे केली. "असली माणसं कशाला लक्षात ठेवायची? ते बटाटे द्या इकडे."