पलीकडच्या कठड्यावरचा रंग

माझा रंग नारिंगी. मी निवडलेला नाही, कोर्टाने दिलाय. पहाटे पाचनंतर एका नंबरवर फोन करायचा, टेपवरची बाई त्या दिवसाचा रंग सांगते. तो आपला असला की दहाच्या आत प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजीच्या देखरेखीच्या, ऑफिसात हजर व्हायचं आणि नशेच्या तपासणीला बाटलीत लघवी द्यायची. उशीर झाला की तुरुंग. आमच्या गावात घराआड एक जण तरी हा फोन करतो, त्यामुळे किराणा घेतानासुद्धा कुणी ना कुणी विचारतंच, "आज काय गं शॉना, हिरवा की जांभळा?"

मी गोळ्यांपायी इथवर आले. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलता उचलता पाठ गेली. डॉक्टरनेच वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दीड वर्षाने त्यानेच बंद केल्या. तोवर मला त्यांच्याशिवाय उठता येईनासं झालं होतं. मग दुसऱ्यांच्या नावावरच्या घेतल्या आणि पकडली गेले. माझी मुलगी ब्रेलिन तेव्हा सहा वर्षांची होती. कोर्टाने तिला तिच्या आत्याकडे ठेवलं.

रोंडाआत्याचं घर ओहायोत, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर. माझ्या ट्रेलर-घरामागची उतरण उतरलं की तिच्या व्हरांड्याचा कठडा दिसतो. पूल पायी वीस मिनिटांवर. पण पूल ओलांडला की राज्य बदलतं, आणि लेखी परवानगीशिवाय राज्याबाहेर पाऊल टाकायची मला बंदी. आपलं लेकरू समोर दिसतंय पण हाताला लागत नाही, अशी तुम्ही दोन वर्षं काढलीयेत? नसतील, तर मला धीर धरायला सांगू नका.

रोज सकाळी शाळेआधी मी तिला फोन करायचे. "मम्मी, आज कुठला?" हा तिचा पहिला प्रश्न. हा मोठ्या माणसांचा खेळ आहे असं मी तिला सांगितलं होतं. मी रंग सांगितला की ती त्या रंगाचा टॉवेल कठड्यावर टाकायची आणि मी कॉफीचा मग घेऊन काठावर उभी राहून तो बघायचे. नारिंगी टॉवेल त्यांच्याकडे नव्हता. त्या दिवशी ती आत्याच्या नवऱ्याचं हरणाच्या शिकारीचं भडक नारिंगी जॅकेट टांगायची.

"नारिंगी! म्हणजे तुझा! जिंकलीस मम्मी!" असं ती ओरडायची. मी हो म्हणायचे आणि बूट घालायचे.

सलग नव्वद दिवस तपासणी स्वच्छ आली तर ब्रेलिन घरी, असं जजबाईंनी सांगितलं होतं. पंधरा नोव्हेंबरला कागदावर सही होणार होती. मी तिच्यासाठी पलंग आणून ठेवला होता, चादर घातली होती, आणि रोज ती उगाचच झटकत होते.

एक्याऐंशीव्या दिवशी दाढ सुजली, काढावी लागली.

"रात्री ठणकेल बरं का. दहा गोळ्या लिहून देतो," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"त्या नकोत. मी प्रोबेशनवर आहे."

"बरं, बरं," म्हणत तो कॉम्प्युटरवर बोटं चालवतच राहिला. संध्याकाळी औषधांच्या दुकानातून फोन, तुमचं औषध तयार आहे. आणायला मी गेले नाही. पण खोटं कशाला बोलू, दोनदा त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. एका गोळीने पाठ, दाढ, रिकामा पलंग, सगळं गप्प झालं असतं. त्या गोळीची मला अजून आठवण येते, सोडून गेलेल्या नवऱ्याची येत नाही तेवढी. दोन्ही वेळा परत आले आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.

मग शहाऐंशीव्या दिवशी नारिंगी. तिथे डार्ला नावाची बाई समोर उभी राहून बघत असते, आणि बघितलं की मला होतच नाही. मागच्या महिन्यात दोन तास बसले होते. झाली नाही तर नापासच धरतात. म्हणून त्या दिवशी मी पाचपासून नऊपर्यंत तांब्यावर तांब्या पाणी ढोसलं.

"धरण फुटलं का गं आज?" डार्ला म्हणाली. मीही हसले.

दोन दिवसांनी प्रोबेशन ऑफिसर स्टिडमने बोलावलं. "नमुना पातळ आहे."

"पाणी प्यायले होते."

"लोक पाणी कशासाठी पितात ते मला माहीत आहे."

"तहान लागते म्हणून?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावावर दहा गोळ्या. "हे चोवीस तासांत मला कळवायला हवं होतं."

"अहो, घेतल्याच नाहीत तर कळवू काय? दुकानात विचारा, तिथेच पडल्यात."

"लिहून दिल्या की कळवायचं. अटींच्या कागदाखाली सही तुझीच आहे."

सही माझीच होती. दुकानानेही सांगितलं, गोळ्या कुणी नेल्या नाहीत. पण पातळ नमुना म्हणजे खराब नमुना, कारण पाण्याने गोळीचा माग धुऊन जातो, आणि गोळ्या दुसरीकडूनही मिळतात, हे जजबाईंना कुणी शिकवायला नको होतं. तीस दिवस तुरुंग. नव्वदची मोजणी पुन्हा एकपासून.

तुरुंगातून मी ब्रेलिनला एकदाही फोन केला नाही. तिथून फोन लावला की आधी टेपवरची बाई बोलते, हा कैद्याचा फोन आहे म्हणून. ते माझ्या मुलीच्या कानावर पडायला नको होतं. तू कामासाठी लांब गेलीयेस असं सांगते, रोंडा म्हणाली होती. आत खिडकी नव्हती. रोज पाचला जाग यायची आणि आज कुठला असेल याचा विचार करत मी पडून राहायचे.

तिसाव्या दिवशी पहाटे सोडलं. फोन बंद पडलेला. घरात न शिरता मी सरळ काठावर गेले. कठडा मोकळाच असणार, मुलं विसरतात, असं स्वतःला बजावत होते. पलीकडे नारिंगी जॅकेट टांगलेलं होतं. शिकारीचे दिवस आहेत, वाळत घातलं असेल, असं वाटलं. घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि रोंडाला केला.

"आलीस का? अगं, पोरगी महिनाभर पाचला उठतीये. तू मागे तो नंबर लिहून दिला होतास ना, फ्रिजवर चिकटवलाय? रोज स्वतः लावते आणि रंग टांगते. म्हणते, मम्मी कुठल्या दिवशी सुटेल ते आपल्याला नक्की माहीत नाही."

"सुटेल म्हणाली?"

"मी नाही बाई काही सांगितलं. आपलं फोनवरचं बोलणं ऐकलं असेल."

मग ब्रेलिनचा आवाज आला. महिन्याभरात जरा मोठा झालेला. "मम्मी, आज तुझा आहे. दहाच्या आत जायचंय. मी बसची वाट बघतीये, तू निघ." आणि मग हळूच, आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "पाणी जास्त पिऊ नकोस हं."

तिला तो खेळ कधीच वाटला नव्हता. दोन वर्षं ती मला खेळवत होती.

मला तिला पोटाशी धरायचं होतं, आत्ता, त्याच क्षणी, आणि मधे नदी होती. मी बूट काढलेच नव्हते. घसा कोरडा पडला होता, तरी नळाकडे न वळता मी निघाले.