साबणाचं पाणी

होडीच्या केबिनला समोरची काच कशाची बसवायची, यावर जावईबापूंनी आठ दिवस मोबाइलवर अभ्यास केला होता, आणि मिस्त्रीला त्या अभ्यासाची कीव येत होती.

"अ‍ॅक्रिलिक घ्या," तो सांगून थकला. "रोज मीठ पुसायचं असतं. तुमच्या त्या पॉलिकार्बोनेटच्या प्लास्टिकला ओरखडे पडतात."

"पण फुटत नाही!" जावयाने नमुन्याच्या तुकड्यावर धाडधाड हातोडा घातला.

सासूबाई कौतुकाने बघत राहिल्या. होडी त्यांची, सुकाणूही त्याच धरत. उद्या सकाळी तपासणीस येणार होता. होडी पास झाली तरच उतारू भरता येणार होते. मिस्त्री मनात म्हणाला, होडी काय हातोड्यांच्या पावसातून न्यायचीय? ज्याला धड स्क्रू पिळता येत नाही, तो तीस वर्षं काचा बसवणाऱ्याला शिकवणार!

तरी त्याने जावयाचीच काच बसवली, नाक मुरडत का होईना, पण झकास बसवली. कडेच्या फटीत भरलेलं चिकट सिलिकॉन थोडं काचेवर फासलं गेलं होतं, ते पुसायचं होतं. जावयाने काचेवरून सोलून काढलेल्या कागदावरचा मजकूर वाचला.

"मिस्त्री, हिला फक्त साबणाचं पाणी लावायचं, असं लिहिलंय."

"तुम्ही वाचत बसा. तुम्ही आंघोळी केल्या नसतील तेवढ्या काचा मी पुसल्यात." आणि साध्या काचेवर फिरवायचा तसा थिनरचा बोळा त्याने खसाखसा फिरवला.

बघता बघता काच धुरकटली. मग आत बारीक बारीक तडे धावले.

सासूबाई सुकाणूपाशी येऊन बसल्या. डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं.

"मला पलीकडचा धक्का दिसत नाहीये." त्या जावयाकडे वळल्या. "हीच ना तुमची न फुटणारी? मिस्त्री बिचारे घसा फोडून सांगत होते!"

जावयाने मिस्त्रीच्या हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "दुकान अजून उघडं असेल. मिस्त्री, माप सांगा, अ‍ॅक्रिलिक घेऊन येतो."

थिनर मी लावला, एवढंच म्हणायचं होतं. पण मिस्त्रीची जीभ सवयीने भलतंच बोलून गेली.

"मी आधीच सांगितलं होतं."

जावई माप लिहून घेऊन गेला. मिस्त्रीने बोळा खिशात कोंबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली. थिनर कापडातून झिरपून मांडीला झोंबत होता, आणि सासूबाई त्याच्यासाठी चहा ओतत होत्या.