तयार चौकट

भिंगरीने फोटो ओढून संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटीत सोडला आणि अण्णांचा चेहरा आपोआप उजळला. मागची मळकी भिंत गायब झाली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसट झाली, गालांवर जराशी लालीसुद्धा आली.

"अगं, हे काय केलंस?" मॅडम म्हणाल्या. "अण्णा असे दिसत नाहीत."

"मी नाही केलं, मॅडम. आपोआपच होतं ते. थांबा, बंद करते."

बंद केलं तर फोटो इतका काळपट दिसायला लागला की मागे गर्दी करून उभ्या असलेल्या सगळ्या वर्गाने एकसुरात नको नको म्हटलं. भिंगरीने ते पुन्हा चालू केलं. मॅडम खुर्चीची पाठ धरून नुसत्या बघत राहिल्या.

थोड्या वेळापूर्वी शेजारणीचा फोन आला तेव्हा त्या शिकवत होत्या. दार सताड उघडं आहे आणि तुमचे वडील घरात नाहीत, एवढंच ती धापा टाकत बोलली. अण्णांना आताशा घरचा पत्ता सोडाच, स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. घरापासून थोड्याच अंतरावर हमरस्ता, आणि त्यावरून दिवसभर ट्रक सुसाट जायचे. धाकटा भाऊ पोलीस चौकीवर पळाला. मॅडमनी पर्स उचलली तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "मॅडम, पोस्टर करूया ना! दोन मिनिटांत सगळ्या गावाला कळेल."

दोन मिनिटांत पोस्टर हे मॅडमनीच तर शिकवलं होतं. कॉलेजने चित्रं काढायचे उतरते लाकडी फळे भंगारात काढून हे तयार चौकटींचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा पहिले काही महिने त्यांनी नाक मुरडलं. मग ज्या मुलांना सरळ रेघ ओढता येत नव्हती त्यांची पोस्टरं छापल्यासारखी देखणी दिसायला लागली, प्राचार्य खूश झाले, आणि मॅडमही निवळल्या. गेल्या सहामाहीत 'हरवले आहे' हा पाठ होता. मुलांनी कुत्री हरवली, छत्र्या हरवल्या, आपापले आजी-आजोबा हरवले. मार्क कसे द्यायचे, तर पोस्टर गावाच्या ग्रुपवर टाकायचं. ज्याला जास्त अंगठे, त्याला जास्त मार्क. ही युक्ती मॅडमच्याच डोक्यातली होती. लोकांनाही त्याची चटक लागली होती.

"नाव, वय, स्वेटरचा रंग," भिंगरी विचारत गेली. मॅडम सांगत गेल्या. तिची बोटं खरोखर भिंगरीसारखी फिरत होती. अक्षरं आपोआप मधोमध बसली, फोटोभोवती मऊ सावली पडली, नंबर खाली ठळक आला. सुंदर झालं होतं पोस्टर. मॅडमना ते कळलं आणि मेलं कळलंच कशाला असं झालं.

पोस्टर गेलं, आणि मॅडम रस्त्यावर आल्या.

फोन थरथरला तसा त्यांनी तो घाईने उघडला. अंगठा होता. पुन्हा थरथरला. पुन्हा अंगठा. मग हृदयं, मग टाळ्या. 'मस्त!' 'रंग काय निवडलेत!' 'आजोबा किती गोड!' 'यंदा पहिला नंबर पक्का.' खुद्द प्राचार्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या विद्यार्थ्यांचा अभिमान वाटतो.'

मॅडमनी पोस्टर मोठं करून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात वर्गाचं बोधचिन्ह होतं. वर्गाच्या खात्यातून केलेल्या प्रत्येक पोस्टरवर ते आपसूक येई, आणि घाईत ते काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फुटपाथच्या कडेला उभं राहून त्यांनी खाली लिहिलं, 'हा अभ्यास नाही. हे खरं आहे. हे माझे वडील आहेत.'

लगेच उत्तर आलं, 'वा मॅडम! ही कल्पना तर भारीच. अंगावर काटा आला.'

त्याच्याखाली टाळ्यांची रांगच लागली.

त्यांनी भिंगरीला फोन लावला. "ते काढून टाक. साधं लिही गं बाई, नुसती अक्षरं. चौकट नको, फोटो नको, काही नको."

"मॅडम, मघाशीच टाकलं तसं," भिंगरी रडकुंडीला आली होती. "कुणी उघडूनसुद्धा बघत नाहीये. सगळे ते पहिलंच पुढे पाठवतायत. माझ्या मावशीकडून मलाच परत आलं ते."

भावाचा फोन आला. चौकीवर नोंद घेतली, शोधतो म्हणालेत, तू कुठे आहेस? आपण कुठे आहोत हे सांगायलाही मॅडमना पाटी वाचावी लागली. मग त्या एकेका दुकानात शिरायला लागल्या. औषधवाल्याने मान हलवली. चपला शिवणाऱ्याने फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि नाही म्हणाला. पोस्टर शंभर जणांच्या खिशात पोहोचलं होतं आणि माणूस एकालाही दिसत नव्हता, हे काय गौडबंगाल आहे ते त्यांना कळेना. रडू फुटेल म्हणून त्या ओठ दाबून चालत राहिल्या.

हमरस्त्याला लागून शेवटचं दुकान बेकरीचं होतं. गल्ल्यावरची बाई ओळखीची निघाली. तिची पुतणी मॅडमच्या हाताखाली शिकून गेली होती. मॅडमनी फोन पुढे केला.

"अय्या, हे आजोबा!" बेकरीवाली हसली. "पाहिले ना. मघाशी इथेच तर होते, त्या काचेपाशी."

मॅडमनी गल्ल्याची कड धरली. "इथे? बरे होते?"

"चांगले टुणटुणीत होते की! मी नेमकं तुमचं पोस्टर बघत होते, आणि वर बघते तर समोर हेच. म्हटलं, पोरांनी यंदा आजोबा झकास निवडलेत. मुद्दाम बाहेर जाऊन सांगितलं त्यांना, आजोबा, तुमचा फोटो काय सुरेख आलाय! मोबाइलवर दाखवलासुद्धा."

"मग?"

"इतके खूश झाले म्हणून सांगू! स्वतःचा फोटो बघतच राहिले. 'कोण आहेत हो हे?' म्हणाले. गमतीदार आहेत हं तुमचे आजोबा, मला हसूच आवरेना."

"मग कुठे गेले? कुठल्या बाजूला गेले?"

"ते काही बघितलं नाही हो. गिऱ्हाईक आलं, मी आत आले." बेकरीवाली अजून हसतच होती. मग तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"म्हणजे... खरंच हरवलेत?"

बाहेरून एक ट्रक गेला, त्याच्यामागून दुसरा. मॅडम दुकानाच्या पायरीवर आल्या, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दोन्हीकडे रस्ता सरळ आणि लांबच लांब होता.