ताईसियाची वाकडी वेणी

पोलादाच्या चार कड्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या तारा आणि मूठभर नट. मित्रांनो, एवढीच मी. रशियातल्या कुर्गान शहरातल्या हाडांच्या इस्पितळातली जुनी चौकट. तुमच्याएवढ्या एका मुलीच्या उजव्या दंडावर मी दहा महिने राहिले. डाव्यावर माझी बहीण होती.

मुलीचं नाव ताईसिया. तिचे दंड जन्मापासून आखूड. हात डोक्यामागे पोचत नसत, म्हणून वेणी आई घाली. पण पुढच्या वर्षी ती शिकायला वसतिगृहात जाणार होती. "केस कापून टाकू," असं आत्याने ठरवूनही टाकलं होतं. ताईसियाला केस कापायचे नव्हते. म्हणून ती आमच्याकडे आली.

डॉक्टरांनी तिचं हाड कापलं आणि दोन्ही तुकडे माझ्या तारांनी धरले. मग दिवसातून चारदा माझे नट पाव पाव फेरा फिरायचे. दिवसाला एक मिलिमीटर फट. आणि गंमत बघा, त्या फटीत नवं हाड धरू लागतं. रेंगाळलात तर फट वेळेआधीच बुजते. घाई केलीत तर नस ताणली जाते. हाडाला हे कोण शिकवतं, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या वॉर्डात मुलं छोट्या लोखंडी पान्याने एकमेकांचे नट फिरवत. ग्लाफिरा मावशी, आमची परिचारिका, दारातून हाक मारी, "चला, पाने काढा!" ताईसियाचे नट शेजारच्या खाटेवरची ल्यूस्या फिरवी.

"अजून एक पाव," एकदा ताईसिया कुजबुजली. "नव्या वर्षाला घरी जायचंय."

"मावशीला कळलं तर?"

"तू तोंड मिटलंस तर कसं कळेल?"

तीन दिवस असं चाललं. माझ्या तारांना ताण कळत होता, पण मला वाचा कुठली! चौथ्या दिवशी तिचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. तिने चमचा गुपचूप डाव्या हातात घेतला.

"डावखुरी कधीपासून झालीस गं?" मावशीने विचारलं.

"लापशी बेचव झाली तेव्हापासून."

"मनगट उचल बघू."

मनगट उचललंच गेलं नाही. ल्यूस्याच रडायला लागली आणि सगळं सांगून बसली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझे नट उलटे फिरवले. "हाड आपलं ऐकतं, पोरी," ते म्हणाले. "नसेचं मात्र आपण ऐकायचं."

"हात परत उचलता येईल ना?"

"बहुतेक. आज नक्की नाही सांगता येत."

नवं वर्ष वॉर्डातच उजाडलं. मावशी रोज तिची बोटं एकेक करून उचलून धरी. फेब्रुवारीत अंगठा आपणहून हलला, मग हळूहळू मनगट. तोवर फट बुजू नये म्हणून डॉक्टर दिवसाला दोनच पाव फेरे देत; त्यानंतर पुन्हा पाव फेरा, दिवसातून चारदाच. कोपर आखडलं होतं; ते वाकवताना ताईसिया ओठ चावायची.

उन्हाळ्यात मला उतरवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने दोन्ही हात डोक्यामागे नेले. बराच वेळ लागला.

"वेणी वाकडी झालीय," मावशी म्हणाली.

"असू दे. माझी मी घातलीय."

आता मी कपाटात असते. मित्रांनो, मला कोरडं पुसून ठेवा, गंज लागू देऊ नका. आणि कधी पाना हाती आलाच, तर पाव फेऱ्याला थांबा. बोट सुन्न झालं, तर चमचा डाव्या हातात घेऊ नका. मावशीला हाक मारा.