वाढवलेला दिवा

"दिवा कुठं होता, मावशी?" विमा कंपनीच्या ऋत्विकनं विचारलं. तो पुण्याहून आलेला. जळक्या खोलीतला वास सोसवेना म्हणून त्यानं नाकाला रुमाल लावला होता.

"ह्या कोनाड्यात," इमामबी म्हणाली. "लाइन गेल्ती, म्हनून लावला. लाइन आली, तसा वाढवला न् पुतनीच्या हळदीले गेली."

"वाढवला आणि कुलूप लावून गेलात?"

"हाव. मंग काय, उघडं टाकून जाऊ?"

ऋत्विकनं मोबाइलवर टिपून घेतलं.

इमामबी धाड गावच्या बाजारात बांगड्या भरायची. राहायला जानरावच्या घरातली कडेची खोली, भाड्यानं. आगीत तिची खोली गेलीच, पण भिंतीला लागून असलेलं प्रसेनजितचं शिलाईचं दुकानही गेलं. मशीन, लोकांचे लग्नाचे कपडे, सगळं. तो बिचारा आज चिखलीला जुनी मशीन पाहायला गेला होता. घराचा विमा होता, बँकेनं कर्ज देताना जानरावला काढायला लावलेला.

"घराचं कंपनी बघेल," ऋत्विक म्हणाला. "दुकानाचं नुकसान मात्र ज्याच्या चुकीनं आग लागली, त्यानं भरायचं. त्याचाही वेगळा विमा मिळतो. मालकाला मिळतो, भाडेकरूलाही. तुमच्यापैकी कोणी काढलाय?"

"दुसऱ्याच्या घरात राह्याचा बी इमा?" इमामबी हसली. शेजारी उभा असलेला जानराव हसला नाही.

"मग अवघड आहे, मावशी. ज्योत मोठी करून तुम्ही बाहेर गेलात. हे तुमच्यावर येतं."

"मोठी कायले करीन बाबू? वाढवला म्हनलं ना!"

"मीही तेच लिहिलंय."

इमामबी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. दिवा विझला म्हणू नये, बांगडी फुटली म्हणू नये. दिवा वाढवला, बांगडी वाढली. तिच्या धंद्याचा तर हा पहिला धडा. आणि जानरावच्या घरच्या बायांचे हात तिनंच भरले होते. त्याला हा शब्द ठाऊक नव्हता, असं नाही.

"जानरावभाऊ, सांगा न ह्याले."

"म्या काय सांगू? मी घरी होतो का?"

भिंतीवरच्या बोर्डातून ठिणग्या उडतात, हे तिनं त्याला ईदच्या आधीच सांगितलं होतं. "पाहू," म्हणाला होता. आता तो ती भिंत सोडून सगळीकडे पाहत होता.

इमामबीनं ओठ ओले केले. तिचा नवरा गेला, तेव्हाही बायांनी तिच्या हातातला चुडा वाढवलाच होता.

"इझवला," ती म्हणाली. "दिवा इझवला म्या. फुक मारून. आता लिव्ह."

ऋत्विकनं आधीचं पुसलं. "मग आग कुठून आली?"

तिनं बोट दाखवलं. बोर्डाचा नुसता काळा गोळा झाला होता आणि जळाल्याचा पट्टा तिथूनच छपराकडे चढला होता. कोनाड्यात दिवा जागच्या जागी होता, तळाशी तेल होतं. ऋत्विकनं दोन्हींचे फोटो काढले. जाताना जानरावला म्हणाला, "दुकानाचं नुकसान तुमच्यावर येणार, काका."

त्याला जीपपर्यंत सोडून जानराव परत आला.

"बाई, खोली दुरुस्तीले घ्या लागते. तुम्ही दुसरीकडं पाहा."

आजवर तो तिला भाभी म्हणत आला होता.

"हाव," इमामबी म्हणाली, आणि कोनाड्यातला दिवा तेवढा पदरात घेतला.

पुढच्या बाजाराला ती नेहमीच्या जागी बसली. संजीवनी आपल्या छकुलीला घेऊन आली. पोरीचा हात मऊ, पण अंगठ्याशी अडणारा. इमामबी तो दाबत दाबत हिरवी बांगडी चढवत होती, तोच कट् असा आवाज झाला.

"आजी, वाढली!" छकुली म्हणाली. आईनं शिकवलेलं.

इमामबीनं मांडीवरच्या काचा वेचून बाजूला टाकल्या.

"फुटली," ती म्हणाली, आणि दुसरी बांगडी उचलली.