अंतरपाट खाली येईना

रोहीच्या लग्नाच्या सकाळी गोळ्या विकणारी माणसं पुन्हा भिंतीतून आत आली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर जाऊन बसली.

तात्यांच्या मंगल कार्यालयाचं हे असंच होतं. वेबसाइटवर जे व्हायचं तेच कार्यालयात व्हायचं. एकदा अजिंक्यकडून हॉलचा फोटो उलटा लागला, तर पहिली पंगत उठेपर्यंत खुर्च्या छताला लटकत होत्या. तात्या एवढंच म्हणाले होते, "पोरा, पंखे कुठं गेले बघ."

साइट त्यांच्या पोरानं, अजिंक्यनंच बनवलेली. सात वर्षांपूर्वी, कॉलेजात नापास झाल्यावर, व्हिडिओ बघून बघून. पहिल्या पानावर उद्घाटनाचा फोटो. तात्या, गुरुजी, मामा, आणि पाहुण्यांसाठी हार धरून उभी असलेली धाकटी रोही, शाळेच्या ड्रेसात, दोन वेण्या. फोटो अजिंक्यनं काढला, म्हणून तो त्यात नव्हता.

त्यानंतर साइटला कुणी हात लावला नाही. सॉफ्टवेअर जुनं झालंय, थीम जुनी झालीय, अशा लाल सूचना येत राहिल्या. मग जुन्या साइटला पडतात तशी भोकं पडली आणि त्यातून ही माणसं यायला लागली. ताकदीच्या गोळ्या, टकलावरच्या गोळ्या. इकडून हाकललं की तिकडून.

"मुलाकडची मंडळी दारात आलीत," तात्या दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांच्यादेखत ही पीडा नको. कर तुझं ते अपडेट."

"आधी सगळ्याची कॉपी घ्यावी लागते, तात्या. कॉपीवर करून बघायचं. चाललं तरच खऱ्यावर. थीमला, म्हणजे साइटच्या रंगरूपाला, तर सगळ्यात शेवटी हात लावायचा."

"वेळ किती?"

"दुपार होईल."

"आणि मुहूर्त? तो काय तुझ्या कॉपीसाठी थांबणारे? दाब बटण."

अजिंक्यनं दाबलं. सॉफ्टवेअर, थीम, सगळं एकदम.

आधी बरंच वाटलं. गोळ्यावाले एकेक करून विझले. भिंतींचा गुलाबी रंग जाऊन राखाडी आला, खांब बारीक झाले, मावशीच्या पैठणीचे कोपरे गोल झाले. "झकास," तात्या म्हणाले. नवरदेव, मयूर, पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला. पलीकडे मामानं रोहीला आणलं. गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

तेव्हा लॅपटॉप पांढरा झाला. नुसता पांढरा. अक्षर नाही, बटण नाही.

अजिंक्यनं वर बघितलं. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक गेलं होतं. कापड धरणारे दोघं गेले होते. कापड मात्र उभं होतं. त्याची एक कड या भिंतीत शिरली होती, दुसरी त्या भिंतीत, आणि वर ते छताला टेकलं होतं.

"शुभ मंगल सावधान," गुरुजी म्हणाले. अक्षता पडल्या. कापड खाली आलं नाही. मग गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण अंतरपाट खाली आल्याशिवाय त्यांना थांबता येत नव्हतं. सावधान. अक्षता. सावधान. अक्षता. तांदूळ घोट्यापर्यंत आला.

"मावशी, थांब. टाकू नको आता."

"देखभालीचं काम सुरू आहे," मावशी म्हणाली. "थोड्या वेळानं परत या." आणि तिनं मूठभर अक्षता टाकल्या.

अजिंक्य तांदूळ तुडवत कापडापाशी गेला. पलीकडून एक हात कापडावर टेकला. पाच बोटं आणि मनगटावर चुड्याचे उंचवटे.

"दादा? झालं का?"

"होतंय. तू हलू नको."

"स्वतःच्या बहिणीच्या लग्नातपण कॉम्प्युटर सुटत नाही ना तुला." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "इथं कुणी नाहीये रे. मामा माझ्या मागं उभा होता, तोपण नाही. नुसतं पांढरं आहे."

अजिंक्य कापडाची कड शोधत पळत सुटला. तो पळाला तसा हॉलही पळाला. राखाडी खांब येत राहिले, जात राहिले, कड आली नाही. दम लागून थांबला तेव्हा तो होता तिथंच होता, आणि तांदूळ कमरेपर्यंत आला होता. त्यानं लॅपटॉप डोक्यावर धरला.

"दादा, मला माझा हात दिसत नाहीये." आवाज आता लांबून आला.

किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह होता. त्यात साइटची एकच कॉपी होती, पहिली, सात वर्षांपूर्वीची. जुनी कॉपी परत चढवली की नंतरचं काहीच उरत नाही, हे त्याला माहीत होतं. कापडावरची बोटं एकेक करून सपाट होत होती. तीन राहिली. दोन.

त्यानं ती चढवली.

अंतरपाट खाली पडला. तांदूळ नव्हता. भिंती गुलाबी होत्या. मयूरच्या पाटावर कुणी नव्हतं. मामाच्या डोक्यावर सगळे केस परत आले होते, आणि त्याच्या पुढं शाळेच्या ड्रेसातली, दोन वेण्यांची रोही हार धरून उभी होती.

"तात्या, दादा कुठाय?" तिनं विचारलं. "फोटो काढायचाय ना?"

"रोही," अजिंक्य म्हणाला.

ती तात्यांच्या मागं सरकली. तात्यांनी हसून हात जोडले. "या, या. पाहुणे, आपण कुणाकडचे?"

तेवढ्यात भिंतीतून गोळ्यावाले आले. त्यांना सगळी भोकं पाठ होती. त्यातल्या एकानं सरकून खुर्ची मोकळी केली आणि अजिंक्यच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

"बसा हो. पहिल्यांदाच आलात वाटतं."

समोर गुरुजी अंतरपाटाची घडी घालत होते. दोन पदरी, चार पदरी, आठ पदरी. घडी दाबली तशा आत बांगड्या वाजल्या.

"दादा," घडीतून आवाज आला, "झालं का?"

गुरुजींनी घडी पिशवीत सरकवली आणि चेन ओढली.